हँडीचं झाकण

आयकॉम कंपनीच्या आयसी-व्ही८२ या हँडीत, म्हणजे हातात धरायच्या रेडिओ सेटात, बसवायची एक लहानशी पाटी वेगळी विकत मिळायची. तिचं नाव यूटी-११८. ती नसली तर व्ही८२ म्हणजे साधा एफएम सेट, ती बसवली की तोच सेट डिजिटल. हॅम लोकांच्या, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, हातात डिजिटल आवाज पोचवणाऱ्या पहिल्या काही साधनांपैकी हे एक, २००४च्या सुमाराचं. मिरजेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. ही पाटी बाकावर आली तेव्हा सवयीप्रमाणे भिंग लावून मी एकेक भाग ओळखत गेलो. रेग्युलेटर कळला, क्रिस्टल कळला. मधली मोठी चिप मात्र तिथेच थांबवत होती. तिच्यात एका बाजूने माणसाचा आवाज जायचा आणि दुसऱ्या बाजूने आकडे बाहेर यायचे. मधे काय होतं ते सर्किटच्या नकाशात नव्हतं. नकाशात नुसता एक चौकोन काढलेला.

आता कुणी म्हणेल, आयसीच्या पोटात कोण डोकावतं? खरं आहे. पण साधी आयसी काय करते हे पुस्तकात मिळतं, आणि चार ट्रान्झिस्टर जोडून तेच काम करून बघता येतं. इथे ती सोय नव्हती. आवाज दाबून आकड्यांत बसवायचं हे तंत्र, त्याचं नाव ‘ॲम्बे’, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या डिजिटल व्हॉइस सिस्टिम्स या कंपनीच्या मालकीचं. चिप विकत घ्या आणि वापरा. स्वतः करायला गेलात तर पेटंट आणि करार आडवे यायचे. ज्या छंदाची सगळी मजा ‘हे मी केलं’ म्हणण्यात, त्या छंदात असली वस्तू आली. मला विचाराल तर डिजिटल हँडीचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास म्हणजे या एका चौकोनाशी झालेली झटापट आहे. मॉडेलं काय, येतात आणि जातात.

हातात धरून बोलायचा सेट मुळात लष्कराचा. १९४०च्या सुमारास शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने, म्हणजे पुढच्या मोटोरोलाने, अमेरिकी सैन्यासाठी एससीआर-५३६ बनवला. पाच व्हॉल्व्ह, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, पल्ला जमिनीवर मैलभर. चालू-बंद करायला बटण नाही. अँटेना ओढून बाहेर काढली की सेट चालू, आत ढकलली की बंद. अँटेना न काढताच ट्रान्समिट दाबून फायनल, म्हणजे शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर, जाळणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे इतकी येतात की ही युक्ती कुणीतरी परत आणावी असं मला वाटतं.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाने हॅमचं तोंड बंद केलं. सरकारने परवाने थांबवले आणि ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला लावले. तरी मुंबईत नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने सुटे भाग जुळवून ट्रान्समीटर उभा केला, आणि १९४२च्या ऑगस्टमध्ये त्यावरून स्वातंत्र्यचळवळीचा भूमिगत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता आणि त्यांचे सोबती जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालवत राहिले. या गोष्टीतलं शौर्य सगळे सांगतात. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात आणखी एक दिसतं: तो सेट कुठल्या दुकानातून आलेला नव्हता.

मला मोर्स शिकवणारे आमचे मास्तर याच पंथातले. हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि रात्री ८०७ व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरवर बसायचे. चासी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, कॉइल पीव्हीसीच्या नळावर गुंडाळलेली, बाकीचं सामान लॅमिंग्टन रोडवरून पिशवीतून आणलेलं. या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा साधा सेट आखून सगळ्या जगाला फुकट दिला, त्यातही कॉइलसाठी पाण्याच्या नळाचा वॉशर होता. तो नकाशा दाखवला तेव्हा मास्तर खूश झाले. म्हणाले, ‘‘बघ, आपलीच जात.’’

हँडी मात्र घरी बांधायची वस्तू कधीच नव्हती, हे कबूल करायला हवं. १९८०मध्ये आयकॉमचा आयसी-२ए आला. वर तीन चकत्या, अंगठ्याने फिरवून फ्रिक्वेन्सीचे आकडे लावायचे. बॅटरी खालून सरकवून काढता येते ही सोय त्याच सेटने रुळवली. राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांचा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं ओळखनाव, व्हीयूटूआरजी. त्यांच्या काळात परदेशी सेटवरची जकात उठली आणि जपानी हँडी आपल्याकडे दिसू लागले. ते बांधता येत नव्हते तरी उघडता येत होते. सोबत सर्किटचा नकाशा यायचा, भागांची यादी यायची. त्यात न समजण्यासारखं काही नसायचं. नसलाच एखादा ट्रान्झिस्टर मिळत तर दुसरा कुठला चालेल हे मास्तर तोंडपाठ सांगायचे.

डिजिटल आवाजाची सुरुवात जपानात झाली, आणि ती भरभराट ओसरताना झाली. १९९५मध्ये एकट्या जपानात साडेतेरा लाखांच्या वर हॅम स्टेशनं होती. जगात दुसरीकडे कुठे इतकी नव्हती. मग पोरांच्या हातात मोबाइल आला आणि आकडा घसरू लागला. अशा वेळी तिथल्या दळणवळण खात्याने जपानच्या हॅम संघटनेला, जेएआरएलला, डिजिटलवर संशोधन करायला पैसे दिले. १९९८ ते २००१ या काळात त्यातून जे तयार झालं ते डी-स्टार. सेट बनवायला पुढे आली आयकॉम. तिचे संस्थापक तोकुझो इनोए स्वतः हॅम. हँडीतून डेटा पाठवणं त्याआधीच सुरू झालं होतं. केनवूडच्या टीएच-डी७मध्ये १९९८पासून पॅकेट मोडेम होता आणि अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांच्या एपीआरएसवर आपण कुठे आहोत ते कळवता येत होतं. आवाज मात्र डी-स्टारने आणला.

डी-स्टार काय करतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय त्या चौकोनाची किंमत कळणार नाही. तो बोलणाऱ्याच्या आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात तीन गोष्टी बघतो: स्वर किती उंच, कुठल्या पट्ट्यात आवाज घोगरा आहे आणि कुठे सुरेल, आणि कुठल्या पट्ट्यात जोर किती. एवढंच लिहून घेतो आणि मूळ आवाज टाकून देतो. पलीकडचा सेट ती टिपणं वाचून आवाज नव्याने तयार करतो. जेवणाचा डबा न पाठवता नुसती कृती लिहून पाठवावी, तसं. एका तुकड्याची टिपणं ४८ बिटांत बसतात, चुका दुरुस्त करायला आणखी २४ आणि सोबत डेटासाठी २४. म्हणजे सेकंदाला ४८०० बिट. त्यामुळे एफएमला जेवढी जागा लागते त्याच्या निम्म्याहून कमी, सव्वासहा किलोहर्ट्झमध्ये काम भागतं.

यातली गोम अशी, की कृती एकाच गळ्याची लिहिता येते. मागे आणखी कुणी बोलत असेल, पत्र्यावर पाऊस पडत असेल, तर त्या चिपला काय लिहावं ते कळत नाही. माझ्या दुकानामागेच स्वयंपाकघर आहे. कुकरची शिट्टी झाली की मी डी-स्टारवर चाललेलं बोलणं थांबवतो, कारण पलीकडे शिट्टी पोचत नाही, माझं वाक्यही पोचत नाही, तिसरंच काहीतरी पोचतं. एफएमवर तीच शिट्टी शिट्टीसारखीच ऐकू जाते आणि समोरचा विचारतो, ‘‘काय शिजतंय आज?’’ सिग्नल क्षीण झाला तरी तेच. एफएममध्ये खरखर वाढत जाते आणि सवयीचा कान त्यातून कॉलसाइन उचलतो. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत लख्ख ऐकू येतं, मग काही सेकंद यंत्रमानव गुळण्या करतो आणि आवाज संपतो. कानाला करण्यासारखं काही उरत नाही. जुन्या लोकांनी डिजिटलला नाकं मुरडली त्यामागचं खरं कारण हे आहे असं मला वाटतं. त्यांनी चाळीस वर्षं कमावलेलं कौशल्य एका फटक्यात बिनकामाचं झालं.

डी-स्टारची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. प्रत्येक वेळी बटण दाबलं की आवाजाआधी चार खाती जातात: माझा कॉलसाइन, कुणाशी बोलायचं त्याचा, आणि वाटेत सिग्नल पुढे पाठवणाऱ्या दोन रिपीटरांचे. सगळ्यांना हाक मारायची तर समोरच्याच्या खात्यात सीक्यूसीक्यूसीक्यू भरायचं. हॅमने हॅमसाठी केलेलं काम आहे हे इथे दिसतं. माणसाची ओळख त्याच्या कॉलसाइननेच.

व्ही८२चं नाव पुढे भलत्याच कारणाने जगभर झालं. १८ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये वॉकी-टॉकी फुटले, आदल्या दिवशी पेजर फुटले होते. माणसं मेली, शेकडो जखमी झाली. फोटोंतल्या सेटांवर आयकॉम आणि आयसी-व्ही८२ असं लिहिलेलं होतं. कंपनीने सांगितलं की हे मॉडेल दहा वर्षांपूर्वीच बंद केलंय आणि हे सेट आपले की नकली ते सांगता येत नाही. स्फोटकं बॅटरीत दडवलेली होती अशा बातम्या आल्या. त्या आठवड्यात माझ्याकडे जुने व्ही८२ घेऊन लोक आले, ‘‘काका, एकदा उघडून बघा.’’ बघितले. सेटांत काही नव्हतं. बॅटऱ्या मात्र सील केलेल्या असतात. तिथे माझा स्क्रूड्रायव्हर चालत नाही हे मी त्यांना सांगून टाकलं.

डी-स्टारवर सगळे एकत्र आले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. तसं झालं नाही. २०१३मध्ये येसूने स्वतःची सिस्टिम फ्यूजन काढली, पहिला हँडी एफटी१डी. डी-स्टारचा सेट तिच्याशी बोलू शकत नाही. तिसरं आलं डीएमआर, आणि ते हॅमसाठी केलेलंच नव्हतं. युरोपातल्या एत्सी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००५मध्ये ते कारखाने, टॅक्सीवाले, सुरक्षा कंपन्या यांच्यासाठी आणलं. मोटोरोलाने त्यावर सेट काढले आणि मोटोरोलात काम करणाऱ्या हॅम मंडळींनी ते आपल्या छंदात ओढून आणलं. एकाच फ्रिक्वेन्सीवर ३०-३० मिलिसेकंदांचे दोन आळीपाळीचे कप्पे, त्यामुळे दोन संभाषणं एकाच वेळी. सेट निम्मा वेळच ट्रान्समिट करतो म्हणून बॅटरी टिकते. धंद्याला हे सगळं उत्तम. पण डीएमआर कॉलसाइन ओळखत नाही, ते आकडा ओळखतं. भारतातल्या हॅमचा आकडा ४०४ने सुरू होतो, मोबाइलच्या जगात भारताचा जो देशक्रमांक तोच. मास्तरांना त्यांचा आकडा काढून दिला तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘हे रेशनकार्ड झालं रे.’’

तिन्ही पद्धतींत एकच गोष्ट समान होती: आवाजाची चिप. डी-स्टारमध्ये जुनी ॲम्बे, बाकी दोघांत तिची पुढची पिढी. भांडणं तिघांची आणि भाडं एकाच घरी.

चौकोनाला पहिली चीर पडली ती चिनी सेटामुळे. टायटेरा कंपनीचा एमडी-३८० हा डीएमआर हँडी साधारण २०१५पासून हॅम लोकांत पसरला, मोटोरोलाच्या मानाने अगदीच स्वस्त. ट्रॅव्हिस गुडस्पीड नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने तो उघडला. आतल्या एसटीएम३२ जातीच्या कंट्रोलरवर वाचनबंदी लावलेली होती, म्हणजे आतला प्रोग्रॅम बाहेरून बघता येऊ नये. त्याने बूटलोडरमधली फट शोधून तो सगळा बाहेर काढला आणि २०१६मध्ये कसं केलं ते छापून मोकळा झाला. मग लोकांनी त्या प्रोग्रॅममध्ये हवं ते ठिगळ लावायला सुरुवात केली. सेटमध्ये रिकामी पडलेली मेमरी होती. तिच्यात जगभरच्या हॅमची यादी भरली, की पडद्यावर नुसत्या आकड्याऐवजी कॉलसाइन आणि नाव दिसू लागलं. मास्तरांच्या रेशनकार्डाला अशी माणसाची ओळख परत मिळाली. आणि गंमत म्हणजे या सेटात आवाजासाठी वेगळी चिप नव्हतीच. तिचं काम त्याच प्रोग्रॅमचा एक तुकडा करत होता. इतकी वर्षं ज्याला आपण लोखंडी पेटी समजत होतो ते आत सॉफ्टवेअर निघालं.

मी लॅपटॉपला केबल लावून पहिला एमडी-३८० असा बदलला तेव्हा सोल्डरिंग आयर्न गरमही केलं नव्हतं. चार दशकं धूर खाल्लेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आता दुकानात निम्मं काम असंच असतं: कोडप्लग, म्हणजे सेटच्या जुळणीची फाइल, भरणं, टॉकग्रुप, म्हणजे बोलायचे गट, टाकणं, नवं फर्मवेअर चढवणं. परवाना बघितल्याशिवाय मी कुणाचा सेट हातात घेत नाही. हल्ली असे सेट लोक खेळणं समजून ऑनलाइन मागवतात. २०२५च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीवर नियम घातले, ते योग्यच झालं. परवान्यासाठी वायरलेस खात्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते, अवघड नाही, द्यावी.

गुडस्पीडने केलं ते ठिगळकाम होतं. पूर्ण नवा कोट शिवला ऑस्ट्रेलियाच्या रॉजर क्लार्क यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. रेडिऑडिटीच्या जीडी-७७ या सेटसाठी २०१९च्या सुमारास त्यांनी ओपनजीडी७७ हे फर्मवेअर पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिलं. मेनू इतका शहाणा की मूळ कंपनीला लाज वाटावी. तरी आवाजाचा तेवढा तुकडा त्यांना लिहून देता येईना, तो मालकीचा. म्हणून आजही ते चढवताना कंपनीची मूळ फाइल आपण द्यायची आणि तिच्यातून तो तुकडा उचलला जातो. सगळं घर आपलं, एक खोली घरमालकाकडे.

त्या खोलीची किल्ली त्याआधीच ऑस्ट्रेलियात दुसरीकडे घडत होती. अॅडलेडचे डेव्हिड रो यांनी नव्वदच्या दशकात आवाज दाबण्याच्या तंत्रावर पीएचडी केली होती. ॲम्बेला मोकळा पर्याय हवा असं हॅम आणि सॉफ्टवेअरच्या जगात म्हटलं जाऊ लागलं तेव्हा त्यांनी तो जुना प्रबंध झटकला आणि २०१०च्या आसपास कोडेक२ लोकांपुढे ठेवला. कुणीही वाचावा, कुणीही वापरावा, पैसे नाहीत. सुरुवातीला तो लघुलहरींवर वापरला गेला. हँडीसाठी त्याचा संसार मांडला पोलंडच्या वोईचेख काचमार्स्की यांनी, २०१९पासून. त्यांच्या एम१७ पद्धतीत आवाजाला सेकंदाला ३२०० बिट आणि ओळखीला पुन्हा कॉलसाइन, नऊ अक्षरांपर्यंत. आकडा नाही. इटलीच्या काही मुलांनी लिहिलेलं ओपनआरटीएक्स हे फर्मवेअर चढवलं आणि आत थोडं जोडकाम केलं की जुना एमडी-३८० एम१७ बोलतो. या पद्धतीतला एकही चौकोन रिकामा नाही, सगळं वाचता येतं.

हँडीच्या बाहेर, हॅमच्या डिजिटल कामात आपल्याकडची पोरंही मागे नाहीत. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी किलोभराहून हलका ‘स्वयम्’ उपग्रह बांधला, तो २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. हॅम लोकांचे डिजिटल निरोप एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी टाकायचे, हे त्याचं काम ठरलेलं.

एवढं सगळं सांगूनही माझ्या कपाटातला आणीबाणीचा सेट साधा एफएम आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळींनी तिथून निरोप पोचवले. त्या काळी टू-मीटर पट्ट्यातला कुठलाही सेट दुसऱ्या कुठल्याही सेटशी बोलायचा, कंपनी कुठली हे विचारावं लागत नव्हतं. आज माझ्या गिऱ्हाइकांत डी-स्टारवाले आहेत, फ्यूजनवाले आहेत, डीएमआरवाले आहेत. बहुतेकांचा पल्ला घरातल्या हॉटस्पॉट नावाच्या डबीपर्यंत, पुढचं काम इंटरनेटचं. हॉटस्पॉटवरून ब्राझीलशी रोज बोलणाऱ्या एकाला मी विचारलं, कृष्णेला पूर आला आणि नेट गेलं तर सांगलीला कसं कळवाल? त्याने सेटचा मेनू उघडला आणि एफएम कुठे आहे ते शोधू लागला. सापडलं, पण वेळ लागला.

एमडी-३८०वर एम१७ चालवायचं तर नुसतं फर्मवेअर पुरत नाही. आतल्या पाटीवर बारीक जोडकाम करावं लागतं, भिंगाखाली, केसाएवढ्या वायरने. कोल्हापूरची, इचलकरंजीची इंजिनिअरिंगची मुलं त्यासाठी हल्ली माझ्याकडे येतात. मोठ्या माणसांकडून मी या कामाचे पैसे घेतो. मुलांकडून घेत नाही, पण वायर त्यांनी स्वतः लावायची. आयर्न मी गरम करून देतो.